जिजाऊंच्या नावाचा करंडक

(दृश्य : उजाडतंय. मैदानाच्या कडेला टेकवलेल्या सायकली.)

मे महिन्यात नागपुरात मुलींना फुटबॉलचा सराव करायचा तर पहाटे साडेपाचला. आठ वाजले की मैदान तव्यासारखं तापतं. गवत असं नाहीच, नुसता मुरूम. एकीने भावाचे बूट घातलेत, पुढे कापूस कोंबून.

"झोपा काढाले आल्या काय बाप्पा? पळा!" सर ओरडतात.

या शहराला फुटबॉल नवा नाही. भर पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकर या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. वस्तीतल्या मुलीही मैदानात उतरल्या.

पण खेळून पोट भरायचं म्हटलं, की गोष्ट वेगळी.

महिलांची राष्ट्रीय लीग, म्हणजे इंडियन विमेन्स लीग, सुरू झाली २०१६-१७ च्या हंगामात. अंतिम फेरीत संघ सहा, मैदान दिल्लीतलं एकच, आणि अडीच-तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. आपल्याकडे लग्नसराईसुद्धा याहून जास्त दिवस चालते! उरलेलं वर्षभर खेळाडूने करायचं काय? क्लबला तिची गरज नसेल, तर पगार तरी कोण देणार?

घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर, आळीपाळीने सामने पहिल्यांदा झाले ते २०२३-२४ च्या हंगामात. सात संघ, प्रत्येकाला बारा सामने. त्याच सुमारास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सांगितलं, की क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान तीन लाख वीस हजारांचा करार द्यावा. महिन्याला पडले साडेसव्वीस हजारांच्या आसपास. तेही लीगमधल्या क्लबने निवडलं तर. २०२४-२५ पर्यंतच्या विजेत्यांची यादी काढून बघा : मणिपूर, ओडिशा, तामिळनाडू, केरळ, बंगाल. महाराष्ट्राचं नाव नाही.

(दृश्य : मैदानाच्या कडेने धावणाऱ्या मुली. एकीच्या हातात स्टॉपवॉच.)

या फुटबॉलवाल्या नव्हेत. या पोलीस भरतीच्या. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. विदर्भातल्या कुठल्याही मैदानावर सकाळी हे चित्र दिसतं. आईला विचारा, ती लगेच सांगेल कशात भविष्य आहे. आणि तिचं फार चुकतं असंही नाही.

५ जुलै २०२५. थायलंडमधलं चियांग माई. भारताच्या महिला संघाने यजमानांना २-१ ने हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच आशियाई चषक गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. हीच संगीता सशस्त्र सीमा बलाच्या संघातूनही खेळलेली. लीगच्या आधीपासून मुलींना फुटबॉलमध्ये टिकवलं ते अशा वर्दीच्या नोकऱ्यांनी.

त्याआधीचा आशियाई चषक, २०२२ चा, तर आपल्याच राज्यात होता. नवी मुंबईत इराणशी बरोबरी झाली, मग संघात कोरोना शिरला आणि तैवानविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. एका सामन्यात भारताची स्पर्धा संपली.

राज्याराज्यांच्या महिला संघांची राष्ट्रीय स्पर्धा आता राजमाता जिजाबाई करंडकासाठी खेळली जाते. जिजाऊ सिंदखेड राजाच्या, म्हणजे विदर्भाच्या लेकी. समृद्धी महामार्गाने निघालं तर इथून काही तासांवर त्यांचं गाव. आणि ही स्पर्धा सर्वाधिक वेळा, विसाहूनही जास्त वेळा, कोणी जिंकली? मणिपूरने.

(दृश्य : ऊन वर आलेलं. सराव संपतो.)

मुली पाण्याच्या बाटल्या शोधतात. भावाचे बूट घातलेली ती मुलगी खाली बसते, कापूस काढून पिशवीत ठेवते, दुसरे बूट चढवते. भरतीच्या रांगेतली एक तिला हाक मारते.

"ये ना वं, तुही वेळ मोजते मी."

ती आठशे मीटरच्या रेघेवर जाऊन उभी राहते.