पोच देणारे कपाट

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बोल्टर हॉल या इमारतीत ३४२० क्रमांकाची एक लहानशी खोली आहे. तिथे उभे असलेले, युद्धनौकेच्या रंगाचे आणि सुमारे ४०० किलो वजनाचे हे पोलादी कपाट जरा निरखून पाहावे. त्याच्या माथ्यावर यारीने उचलण्यासाठी कड्या आहेत. अणुयुद्धात टिकावे म्हणून ते एवढे दणकट केले, असा समज रूढ आहे. ते घडवणाऱ्या चमूचे प्रमुख फ्रँक हार्ट यांना मात्र धास्ती होती ती विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या चौकस हातांची.

कपाटाच्या आत हनीवेलचा डीडीपी-५१६ हा संगणक आहे. त्याची स्मृती १६ बिटांच्या सुमारे १२ हजार शब्दांची आहे आणि त्याला डिस्क नाही. संगणकांमधले संदेश पुढे पोचवणे हे त्याचे काम. अधिकृत नाव ‘इंटरफेस मेसेज प्रोसेसर’, बोलण्यातले नाव ‘इम्प’. ते घडवण्याचे काम मिळाल्याबद्दल कंपनीला सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी पाठवलेल्या अभिनंदनाच्या तारेत ‘इंटरफेस’चे ‘इंटरफेथ’ झाले होते, म्हणजे संदेशवाहक यंत्र एका फटक्यात सर्वधर्मीय होऊन बसले.

टेलिफोनच्या व्यवस्थेत बोलणे चालू असेपर्यंत दोन टोकांमधली सगळी वाट त्या दोघांसाठी अडवून ठेवली जाते. माणसांच्या गप्पांना ते परवडते; संगणक मात्र क्षणभर भडाभडा बोलतो आणि मग बराच वेळ गप्प बसतो. अमेरिकेत रँड संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६४ पर्यंत, आणि ब्रिटनमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ मध्ये, एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना यावर सारखीच तोड काढली : संदेशाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि वाट मोकळी मिळेल तसे ते पुढे ढकलावेत. या तुकड्याला ‘पॅकेट’ म्हणायचे, हे डेव्हिस यांनी ठरवले.

तुकडे पुढे ढकलायचे कोणी, हा खरा अवघड प्रश्न होता. १९६७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेतर्फे लॅरी रॉबर्ट्स यांनी अ‍ॅन आर्बर येथे संगणक-केंद्रांच्या प्रमुखांपुढे त्यांचे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याची योजना मांडली, तेव्हा बहुतेकांनी नाके मुरडली, कारण आपल्या महागड्या यंत्राचा वेळ दुसऱ्यांची टपाले पोचवण्यात घालवायला कोणीच राजी नव्हते. बैठकीनंतर विमानतळाकडे जाताना मोटारीत वेस्ली क्लार्क यांनी सुचवले की, ही हमाली मोठ्या संगणकांवर लादूच नये. प्रत्येक ठिकाणी एक छोटा संगणक फक्त त्यासाठी ठेवावा. आमच्या मते या साऱ्या उद्योगातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता, आणि हे कपाट म्हणजे त्या निर्णयाला आलेला आकार आहे.

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बोल्ट बेरानेक अँड न्यूमन (बीबीएन) या कंपनीत जानेवारी १९६९ मध्ये काम सुरू झाले आणि ऑगस्टच्या अखेरीस पहिला इम्प विमानाने लॉस एंजेलिसला पोचला. त्याची स्मृती चुंबकीय कड्यांची असल्यामुळे वीज गेली तरी ती पुसली जात नसे. म्हणून इथे जोडणी होताच, केंब्रिजला जिथे थांबले होते तिथूनच यंत्राने काम पुढे सुरू केले.

आता त्याचे काम जवळून पाहू. मोठा संगणक इम्पकडे सुमारे ८ हजार बिटांपर्यंतचा संदेश सोपवतो. इम्प त्याची हजारेक बिटांची, जास्तीत जास्त आठ पॅकेटे करतो, प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रम घालतो, ताळा पाहण्यासाठी २४ बिट जोडतो आणि सेकंदाला ५० हजार बिट वाहणाऱ्या भाड्याच्या तारेवर ती सोडतो. शेजारच्या इम्पकडून पोच येईपर्यंत प्रत तो स्वतःकडे जपून ठेवतो. ताळा चुकला किंवा ठेवायला जागा नसली, तर शेजारी नकार कळवत बसत नाही. पोच न देणे हाच त्याचा नकार, आणि ती ठरल्या वेळेत आली नाही की प्रत पुन्हा रवाना होते. कुठल्या वाटेने किती उशीर होतो याचे अंदाज सगळे इम्प दर दोन-तृतीयांश सेकंदाला शेजाऱ्यांना कळवत राहतात, त्यामुळे वाटा ठरवणारा कोणी मुख्य अधिकारी या व्यवस्थेत लागतच नाही.

ही व्यवस्था निर्दोष मात्र नव्हती. १९७०च्या सुरुवातीला रॉबर्ट काह्न आणि डेव्ह वॉल्डन यांनी लॉस एंजेलिसला येऊन जाळ्यावर मुद्दाम भार टाकला, तेव्हा शेवटच्या इम्पची सगळी जागा अर्धवट आलेल्या संदेशांनी भरून गेली, उरलेल्या तुकड्यांना आत शिरता येईना, आणि ते आल्याशिवाय आधीचे बाहेर पडेनात. पुढे नियम करावा लागला : मोठा संदेश पाठवण्याआधी पलीकडे जागा राखून घ्यायची.

१ जानेवारी १९८३ रोजी या जाळ्याने, म्हणजे आर्पानेटने, वेगवेगळ्या जाळ्यांना एकमेकांशी बोलू देणारे टीसीपी-आयपी हे नियम स्वीकारले, १९९० मध्ये ते बंद झाले, आणि आजचे इंटरनेट त्यातून वाढले.

इम्पच्या कामाच्या नोंदवहीतले हे पान १९६९ च्या २९ ऑक्टोबरच्या रात्रीचे आहे. चार्ली क्लाइन हा इथला विद्यार्थी मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकात ‘लॉगिन’ करू पाहत होता. ‘एल’ आणि ‘ओ’ पोचले, आणि तिकडचा संगणक कोसळला. तासाभराच्या दुरुस्तीनंतर दोन्ही संगणकांचे बोलणे झाले. सगळे जण वाचतात ती मधली, साडेदहाची ओळ याच बोलण्याची आहे. तिच्यावरची, रात्री नऊची ओळ सांगते की, बीबीएनच्या बेन बार्कर यांच्यासाठी प्रोग्रॅम चढवला. खालची ओळ सांगते की, आपला संगणक बंद असल्याचा संदेश इम्पला दिला आणि इम्पचा प्रोग्रॅम चालू ठेवून निघालो.