मागून रिकामी येतेय

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुंबईच्या बसमार्गांवरचे प्रवासी : किती, कुठे, केव्हा’. त्याच्याकडे येतोच. पण आधी एक वाक्य म्हणतो, आणि ज्यांनी ते कंडक्टरच्या तोंडून ऐकलंय त्यांनी हात वर करा. ‘पुढे सरका, पुढे सरका... ओ ताई, लटकू नका, मागून रिकामी येतेय!’ बघा, सगळा हॉल. पहिल्या रांगेतल्या आजींनी तर दोन्ही हात वर केलेत.

माझं म्हणणं असं की कंडक्टर थाप मारत नाही. मागून खरंच रिकामी येत असते. ती रिकामी का येते हे ज्याला कळलं, त्याला शहरातल्या बसचं निम्मं गणित कळलं.

मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि तीसही वर्षं बसनेच गेलो. माझ्या थांब्यावर एक मावशी असायच्या. तीन घरी स्वयंपाकाला जायच्या. त्यातल्या एका घरी महिन्यात तीनदा उशीर झाला की एक खाडा धरायचे. तर एका जुलैतली सकाळ. पाऊस असा की छत्री उघडी काय, मिटलेली काय, सारखंच. अर्धा तास बस नाही. मग आली ती पायरीपर्यंत भरलेली. ते वाक्य आलं, घंटी वाजली, गाडी गेली. दोन मिनिटांत दुसरी आली, आणि तिच्यात खिडकीजवळच्या जागासुद्धा मोकळ्या. बसल्यावर मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, ‘सर, तुम्ही आकड्यांचंच शिकवता ना? मग सांगा, ही दुसरी पंधरा मिनिटं आधी आली असती तर हिचं काय बिघडलं असतं?’

त्या दिवशी त्यांचा तिसरा उशीर होता. मी उतरेपर्यंत गप्प राहिलो. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर उतरला, आणि पुढे दर वर्षी नव्या वर्गाला मी पहिल्या तासाला तोच घालत आलो.

उत्तर असं. दोन गाड्या दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुटल्या. पहिली एका सिग्नलला अडकली आणि दोन मिनिटं मागे पडली. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर माणसं वाढली. ती चढणार, सुटे पैसे देणार, म्हणजे आणखी एक मिनिट गेलं. त्यापुढच्या थांब्यावर गर्दी त्याहून जास्त. मागच्या गाडीला मात्र थांबे झाडून पुसून मिळतात. ती पळत येते आणि पहिलीला गाठते. यात ड्रायव्हरचा दोष नाही, कंडक्टरचा नाही. उशीर स्वतःच उशिराला खायला घालतो.

आता जरा हिशेब करू, सोपा आहे. थांब्यावर मिनिटाला पाच माणसं येतात. वीस मिनिटांत शंभर माणसं आणि दोन गाड्या. पहिली अठरा मिनिटांनी आली, दुसरी त्यानंतर दोन मिनिटांनी. पहिलीत ९० चढले, दुसरीत १०. कागदावर काय लिहिलं जाईल? दर गाडीला सरासरी ५० प्रवासी. छान, ऐसपैस. आता त्याच शंभर जणांना एकेक करून विचारा, तुमच्या गाडीत किती जण होते? नव्वद जण ‘नव्वद’ म्हणतील आणि दहा जण ‘दहा’. याची सरासरी येते ८२. थांबावं किती लागलं ते बघा. गाड्या सारख्या अंतराने आल्या असत्या तर सरासरी पाच मिनिटं. प्रत्यक्षात ८.२. गाड्या त्याच, डिझेल तेवढंच, माणसंही तीच. तरी कचेरीतली बस निम्मी मोकळी आणि मावशींची बस खच्चून भरलेली. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण धोरण एकाच आकड्यावर ठरतं, माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

आणि थांब्यावर मागे राहिलेला माणूस? तो कुठल्याच वेबिलात, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशेबात, नाही. तिकीट फाटलं तरच माणूस मोजला जातो. बस आली नाही म्हणून जो शेअर रिक्षात बसला किंवा चालत सुटला, त्याची नोंद ‘मागणी नाही’ अशी होते. मग फेरी कमी होते, थांबायचा वेळ वाढतो, आणखी दहा जण जातात, आणि पुढच्या वर्षीचा आकडा म्हणतो, बघा, आम्ही सांगितलंच होतं.

एक आठवलं म्हणून सांगतो. बेस्टच्या गाडीवर समोर नंबर मराठी आकड्यांत असतो. कुठल्या कुठल्या मुलखातून आलेली माणसं या शहरात ५ आणि ६ मधला फरक ओळखायला शिकली ती थांब्यावर उभी राहून. मराठीचे एवढे विद्यार्थी दुसऱ्या कुठल्या शाळेने घडवले असतील, असं मला वाटत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता मूळ विषय भरभर.

पहिली बस १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. म्हणजे सुरुवातच छोट्या पल्ल्याने. आजही तेच. आपली लोकल उत्तर-दक्षिण धावते. बसच्या वाट्याला आल्या पूर्व-पश्चिम जाणाऱ्या वाटा आणि स्टेशन ते घर, स्टेशन ते कचेरी हे तुकडे. त्यामुळे गर्दीला दिशा असते. सकाळी सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे गाडी भरून जाते, परतताना मोकळी, संध्याकाळी उलट. उपनगरात सकाळी स्टेशनकडे भरलेली. अशा मार्गाची दोन्ही दिशांची सरासरी काढून त्याला ‘निम्मा रिकामा’ म्हणणं अन्यायाचं आहे. परतीची मोकळी फेरी हा जातानाच्या फेरीचाच खर्च आहे.

दुसरं, मेट्रो. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर सुरू झाली आणि त्या पट्ट्यात बसचा लांबचा प्रवासी तिकडे गेला. साहजिकच आहे. पण मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंतचा नवा प्रवासी तयार झाला. त्याला दर पाच मिनिटांनी छोटी गाडी हवी असते. वीस मिनिटांनी येणारी मोठी त्याच्या कामाची नाही.

तिसरं, भाडं. ९ जुलै २०१९ला किमान तिकीट ८ रुपयांचं ५ झालं. वीस लाखांखाली गेलेले रोजचे प्रवासी काही महिन्यांत तीस लाखांपलीकडे गेले. ही माणसं आकाशातून पडली नव्हती. ती थांब्यावरच होती, मोजलेली नव्हती. ९ मे २०२५ला ते ५ चे १० झाले. एकेकाळी साडेचार हजारांवर असलेल्या गाड्याही आता तीन हजारांच्या खाली आल्यात. तेव्हा प्रवासी घटले असं कुणी म्हटलं, तर आधी विचारा, दर गाडीमागे किती?

शेवटचं, घाईत सांगतो पण महत्त्वाचं आहे. पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची गाडी. तिच्यात आठ-दहा जण असतात: वॉचमन, सफाईवाले, पाळी संपवून निघालेल्या नर्सबाई. ती बंद केली तर दहाच तिकिटं जातात असं दिसतं. पण रात्री साडेनऊच्या गाडीने जाणारी बाई सकाळी घरून निघते ती अकराची गाडी आहे या भरवशावर. एखाद्या दिवशी काम लांबलं तर तीच तिला घरी नेणार असते. ती अकराची काढलीत, तर साडेनऊची बाई सकाळपासूनच बस सोडून देईल.

मला हवंय ते एवढंच. उद्या आपापल्या थांब्यावर अर्धा तास उभे राहा. किती चढले ते कंडक्टर मोजेलच. तुम्ही राहिले किती ते मोजा. तारीख, वेळ, मार्गाचा नंबर आणि तो आकडा कागदावर लिहा. बाहेर टेबलावर वही ठेवलीय, तिच्यात पुढच्या शनिवारपर्यंत आणून द्या. आजी, तुमचा हात अजून वरच आहे. प्रश्न विचारायचाय? विचारा.