टेबलावर ठेवायचं म्हणजे काय करायचं?

नमस्कार श्रोतेहो. आज एकच शब्द घेऊ, टेबल.

मूळ लॅटिन ‘ताबुला’, म्हणजे फळी. फळीवर पानं मांडली तर ते मेज, आकडे मांडले तर तो तक्ता. म्हणून रेल्वेचं टाइमटेबल, लॉग टेबल आणि बे एके बे हेही टेबलच.

जमिनीखालचं वॉटर टेबल म्हणजे भूजलपातळी. ते खाली गेलं की मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. हिऱ्याच्या माथ्यावरचा सपाट पैलू, तोही टेबल. पाचगणीचं टेबल लँड तर तुम्ही पाहिलंच असेल.

खरी अडचण नामात नाही, क्रियापदात आहे. ऐका.

डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन पंधरवडा झालेला. चर्चिल आपले सेनाधिकारी घेऊन वॉशिंग्टनला पोचले. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक टिपण तयार केलं. विषय तातडीचा होता. ते अमेरिकनांना म्हणाले, “आम्हाला हे टेबल करायचंय.” अमेरिकन मानेनात. ब्रिटिशही हटेनात. वाद लांबला, आवाज चढले. बऱ्याच वेळानं उलगडा झाला, की दोघांनाही एकच हवं होतं! ब्रिटिशांच्या लेखी ‘टेबल करणं’ म्हणजे कागद सगळ्यांपुढे ठेवून लगेच चर्चेला घेणं. अमेरिकनांच्या लेखी तोच कागद खणात टाकून विसरून जाणं. चर्चिलनी महायुद्धाच्या आपल्या इतिहासात हा प्रसंग नोंदवून ठेवलाय.

पुन्हा सांगतो. ब्रिटनमध्ये टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत टेबल करणं म्हणजे बाजूला सारणं. तिथल्या प्रतिनिधिगृहात विधेयक ‘टेबल’ करण्याचा ठराव मंजूर झाला, की ते विधेयक बहुधा संपलंच.

आपण वळण ब्रिटिशांचं घेतलं. विधानसभेत अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवतात, म्हणजे सदस्यांसमोर आणतात. पटल हा किती नेमका शब्द आहे! तो बोलण्यातही यायला हवा.

तेव्हा अमेरिकेतल्या ऑफिसला मेल लिहिताना हे क्रियापद टाळा. विषय घ्यायचा असेल तर ‘पुट ऑन द अजेंडा’ लिहा, पुढे ढकलायचा असेल तर ‘पोस्टपोन’, आणि त्यापुढे तारीख घाला.