उडी मारून ओलांडावा एवढा ओढा

(दृश्य: गवतातून वाहणारा अरुंद प्रवाह. फक्त पाण्याचा आवाज.)

हा टानबाख. शाळकरी पोरगं उडी मारून पलीकडे जाईल, एवढाच रुंद ओढा. त्याच्या दोन्ही अंगांना मिळून जेमतेम पन्नास माणसांचं गाव आहे, मोडलारॉइट. एक काठ जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, दुसरा थुरिंजियात.

(दृश्य: हद्दीचा जुना दगड.)

1810 साली इथे हद्दीचे दगड रोवले गेले. इकडे बव्हेरियाचं राज्य, तिकडे रॉइस नावाचं छोटं संस्थान. दगडांवर दोघांची आद्याक्षरं. गावाला त्याचं फारसं काही वाटत नसे. शाळा थुरिंजियाच्या काठावर. चर्चला जायचं, तर बव्हेरियातल्या त्योपेनला. हद्द होती, अडवणूक नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा आणि सोव्हिएत रशियाचा ताबा याच ओढ्यावर येऊन भिडला. 1949 मध्ये दोन जर्मन देश झाले, बव्हेरियाचा काठ पश्चिम जर्मनीत, थुरिंजियाचा पूर्व जर्मनीत, आणि 1952 मध्ये पूर्वेकडच्या सरकारने सीमा बंद केली. ज्यांचा भरवसा वाटत नव्हता, अशा कुटुंबांना सीमेलगतच्या गावांतून उठवून आतल्या भागात नेलं. थुरिंजियात या मोहिमेला ठेवलेलं नाव होतं ‘ऊंगेत्सीफर’. म्हणजे कीड. आपल्याच माणसांसाठी!

आधी फळ्यांचं कुंपण आलं, मग तारा, आणि 1966 मध्ये काँक्रीटची भिंत. लांबी 700 मीटर, उंची तीन मीटरहून जास्त. अमेरिकन सैनिक गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणू लागले.

(दृश्य: भिंतीचा उरलेला भाग. मागे घरांची छपरं.)

पण बर्लिन हे महानगर. इथे पलीकडे कोण राहतं, ते नावानिशी ठाऊक. पश्चिमेच्या काठावरून कुणी हात हलवला, तरी पूर्वेकडच्यांनी हात वर करायचा नाही, अशी बंदी होती. हाकेच्या अंतरावर राहायचं आणि ओ द्यायची नाही. सदतीस वर्षं.

1973 च्या मे महिन्यात एक जण शिडी लावून ही भिंत चढून गेला. 1983 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश भिंत पाहायला आले. पाहुणे येत, बघत, परत जात. गावकरी तिथेच.

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 ला खुली झाली. मोडलारॉइटला आणखी बरोबर एक महिना थांबावं लागलं. 9 डिसेंबरला पायी जाण्यापुरती वाट मोकळी झाली. 17 जून 1990 रोजी यंत्र लावून भिंत पाडली. थोडा भाग मुद्दाम ठेवला. आज तो संग्रहालयात आहे, टेहळणीच्या मनोऱ्यासकट.

(दृश्य: ओढ्यावरचा छोटा पूल.)

हद्द मात्र अजून आहे. गाव आजही दोन राज्यांत, दोन पिन कोड, गाड्यांच्या पाट्याही वेगळ्या. नमस्कार करताना बव्हेरियाच्या काठावर भेटलेला माणूस ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतो, पलीकडचा ‘गूटन टाग’.

(पाण्याचा आवाज. त्यावर दोन्ही काठांवरची बोलणी.)