हाताला लागणारी गाठ

(अमळनेर. कपाशीने भरलेले ट्रॅक्टर, पलीकडे दवाखाना.)

टेबलावर चार वर्षांचा मुलगा झोपलाय. गाठ पहिल्यांदा लागली ती आईच्याच हाताला, आंघोळ घालताना. "याना पोटमा कायतरी कठीण शे." कुणी म्हणालं जंत असतील, कुणी म्हणालं लिव्हर वाढलंय.

डॉक्टरांचा हात बघा. बेंबीच्या वर, सावकाश, पोर रडायचं थांबेपर्यंत वाट बघून. असं तपासायला दोन मिनिटं लागतात.

(सोनोग्राफीचा पडदा.)

जठरामागे आडवं असतं ते स्वादुपिंड. गाठ तिथली आहे. लहान मुलांत ती इतकी विरळ, की आधी यकृत, किडनी तपासली जाते, आणि ते बरोबरच आहे. मोठ्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला की अनेकदा कावीळ होते. मुलांची गाठ बहुधा मऊ, पित्तनळी क्वचितच दाबते. डोळे पिवळे होत नाहीत, पोर खेळत राहतं आणि गाठ कधीकधी 10 सेंटिमीटरच्याही पुढे जाते.

(सूक्ष्मदर्शकाखाली.)

ही बायोप्सीची काच. जांभळ्या पेशींच्या दाटीत हे फिकट भोवरे दिसतात ना, तीच ओळखीची खूण. पँक्रियाटोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांत होणारा स्वादुपिंडाचा कॅन्सर. हे नाव 1977 मध्ये होरिए या जपानी संशोधकाच्या लेखातून रूढ झालं. रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन बऱ्याच मुलांत वाढलेलं असतं. मात्र तान्ह्या बाळात ते मुळातच जास्त असतं, म्हणून आकडा वयाप्रमाणेच वाचायचा.

काही बाळं जन्मतः वजनदार, जीभ मोठी, शरीराची एक बाजू मोठी. हा बेकविथ-वीडमन सिंड्रोम, म्हणजे अवयव जास्त वाढण्याचा जन्मजात विकार, असू शकतो. त्यांच्यात पोटातल्या गाठींचा धोका जास्त, म्हणून दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी सुचवतात.

(अंगणवाडी.)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा इथे येतं. वजन, उंची, दात, डोळे सगळं बघतं. त्याच वेळी प्रत्येक मुलाला आडवं झोपवून पोटही चाचपावं, एवढंच आमचं मागणं आहे.

(रात्रीची गाडी. परळ, टाटा हॉस्पिटल.)

गाठ काढता येण्याजोगी असेल तर आधी शस्त्रक्रिया. नसेल तर सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन ही केमोथेरपीची औषधं देऊन आधी ती आकसवतात. पूर्ण निघाली तर मूल बरं होण्याची आशा चांगली, यकृतात पसरली असेल तर बरंच अवघड. नंतर कित्येक वर्षं रक्ततपासणी आणि सोनोग्राफीसाठी येत राहायचं.