परदेशी निघालेली सायकल

श्रोतेहो, नमस्कार. सायकल घेऊन कोणी डॅन्यूबच्या काठानं जायचं ठरवतं, कोणी न्यूझीलंडला. व्हिसा-तिकिटात महिने जातात, आणि सायकल आदल्या रात्री दुकानातून खोक्यात भरून येते. मला हे पटत नाही. ती एकदा घरीच, स्वतःच्या हातानं सुटी करा आणि पुन्हा जोडा. कारण तिकडे उतरल्यावर जोडायची तुम्हालाच आहे.

साधं पॅडल घ्या. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. सवयीनं जोर लावला, की सुटायच्या ऐवजी ते आणखी आवळतं. पाना पॅडलच्या वर उभा धरा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंचं पॅडल असंच सुटतं. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे जाड पुठ्ठा सरकवा. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात, मग चाक आत जातच नाही. मागचा गिअर ज्यावर लटकतो तो अ‍ॅल्युमिनियमचा छोटा हँगर एका धक्क्यात वाकतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. एक जास्तीचा जवळ ठेवाच. पॉवर बँक खोक्यात नको, ती हातातल्या बॅगेत.

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी ठाण्याच्या येऊरची लाल माती इथंच सोडायची. टायरच्या खाचांत, मडगार्डखाली चिखल दिसला तर तिथले जैवसुरक्षा अधिकारी सायकल अडवतात. जुना टूथब्रश घेऊन बसा. कंटाळवाणं काम आहे, पण इलाज नाही.

सामान लादून चालवून बघणंही इथंच. रिकाम्या सायकलवर नवी मुंबईतल्या सपाट पाम बीच रस्त्यावर कितीही पळा, त्यातून काही कळत नाही. दोन्ही बाजूंच्या बॅगा भरा आणि खारघरचा डोंगर चढा. कॅरिअरचा कुठला स्क्रू ढिला होतो, टाच बॅगेला कुठं घासते, ते पहिल्या चढावरच समजतं. आणि उतारावर ब्रेक पुरतात का, तेही. घरी परतलात की सीटच्या दांड्यावर उंचीची खूण करून चिकटपट्टी लावा, म्हणजे तिकडे अंदाज बांधत बसावं लागत नाही.

राहिलं खोकं. नव्या सायकली ज्यातून येतात ते दुकानदार बहुधा सहज देतात. फिरून त्याच शहरात परतणार असाल, तर पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलला आधीच विचारा, खोकं ठेवून घ्याल का. दुसऱ्या शहरातून विमान असेल, तर तिथल्या सायकलच्या दुकानात आठवडाभर आधी सांगून ठेवा.