फुलाची पाठ

श्रोतेहो, नमस्कार. फुलांवरून सुचणाऱ्या हस्तकलेविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे आणि त्याची सुरुवात मी माझ्याच एका फजितीपासून करणार आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी क्रेप कागदाची एक जास्वंद केली होती. लाल पाकळ्या पाच, मधोमध तारेचा दांडा, त्यावर पिवळे ठिपके. समोरून पाहणाऱ्या कोणालाही ती जास्वंद म्हणून ओळखू आली असती. आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई राहत असत. त्यांना ते फूल दाखवायला मी मोठ्या उत्साहाने गेले. त्यांनी ते हातात घेतले, कौतुक केले आणि अगदी सहजपणे उलटे केले. मागे डिंकाचे वाळलेले थेंब होते, कशीबशी वाकवून दाबलेली तार होती आणि ते सगळे झाकण्यासाठी गुंडाळलेल्या चिकटपट्टीचा एक गोळा होता. ‘‘समोरून छान जमलंय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण हे फूल उभं कशावर आहे?’’

त्या प्रश्नाने मी तेव्हा थोडी खट्टू झाले हे खरे. पण पुढे कागद, कापड, दोरा, माती असे जे जे हाताळले, त्या प्रत्येक वेळी तोच प्रश्न उपयोगी पडला. आपण फूल करायला बसतो तेव्हा बहुधा मनातल्या फुलाचीच नक्कल करतो, म्हणजे एक गोल, त्याभोवती पाच-सहा गोलसर पाकळ्या आणि खाली एक सरळ काडी. असे फूल कुठल्याच झाडावर उमलत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे एवढेच, की कात्री हातात घेण्यापूर्वी एक खरे फूल घ्यावे, ते उलटे करून पाहावे आणि मग जिवावर आले तरी ते हलक्या हाताने सोडवावे.

जास्वंदीचेच उदाहरण पुढे नेते. फूल उलटे केले की देठाच्या टोकाशी आधी अरुंद हिरव्या पात्यांचे एक कडे दिसते. त्याच्या वर पाच टोकांची हिरवी वाटी असते आणि त्या वाटीतून पाकळ्या वर येतात. ही दुहेरी हिरवी बैठक समोरून अजिबात दिसत नाही, पण फुलाचा तोल तिच्यावर असतो. पाकळ्या मोजल्या तर पाचच भरतात. मात्र त्या एकीशेजारी एक अशा बसलेल्या नसतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीच्या खाली असते, त्यामुळे सगळे फूल भिरभिऱ्यासारखे एका बाजूला वळलेले वाटते. मधला दांडा म्हणजे पुंकेसरांची जुळून झालेली नळी असते. तिच्या वरच्या भागावर बारीक पिवळे केसर फुटलेले असतात आणि अगदी टोकाला मखमली टाचणीच्या डोक्यांसारखे पाच लाल ठिपके असतात. पाकळ्या तळाशी या नळीला चिकटलेल्या असतात आणि म्हणूनच जास्वंदीच्या पाकळ्या एकेक करून गळत नाहीत, सगळे फूल एकदमच खाली येते.

आता हे पाहिल्यावर कागदकामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी नळी, मग पाकळ्या, मग वाटी, मग पात्यांचे कडे आणि शेवटी देठ. मी पहिल्या वेळी पाकळ्या आधी चिकटवून मधोमध तार खुपसली होती, म्हणून मागे तो गोळा झाला. क्रेप कागदाचीही एक चाल असते, ती ओळखावी लागते. त्याच्या सुरकुत्या एका दिशेने धावतात आणि कागद त्या सुरकुत्यांना आडवा ताणला तरच ताणतो. म्हणून पाकळी कापताना सुरकुत्या तळापासून टोकाकडे जातील अशीच कापावी, मग दोन्ही अंगठे पाकळीच्या मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूंना हलकेच ताण दिला, की पाकळीला खोलगटपणा येतो. कड तेवढी चिमटीत धरून थोडी थोडी ताणली की ती लहरते. कागद आडवा कापला गेला असेल तर कितीही ताणा, पाकळी लांबते पण फुगत नाही. पाचही पाकळ्या लावताना प्रत्येकीची एकच ठरावीक कड वर राहील याकडे लक्ष दिले, तर त्या भिरभिऱ्याची गिरकी साधते. पाचवीची मोकळी कड मात्र पहिलीच्या खाली सरकवायला विसरू नये, कारण बहुतेकांचे फूल तिथेच फसते. देठाला गुंडाळायची हिरवी टेप नुसती गुंडाळली तर चिकटत नाही. तिच्यातले मेण ताण दिल्यावरच पकड घेते, म्हणून ती ओढत ओढत, तिरकी गुंडाळत न्यावी.

कागदाच्या फुलांचा विषय निघाला की मला मेरी डिलेनी या इंग्रज बाईंची आठवण होते. त्यांचा जन्म 1700 सालचा. कागद कापून फुले साकारण्याचे जे काम त्यांच्या नावाने ओळखले जाते, ते त्यांनी 1772 मध्ये, म्हणजे वयाची सत्तरी उलटून गेल्यावर सुरू केले. शेजारी पडलेल्या लाल कागदाच्या तुकड्याचा आणि जिरेनियमच्या पाकळीचा रंग सारखाच आहे, असे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी कात्रीने पाकळीच्या आकाराचा कागद कापला. तेवढ्यात खोलीत आलेल्या मैत्रिणीला ती खरीच पाकळी वाटली. पुढच्या दहा वर्षांत, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, त्यांनी अशी सुमारे साडेनऊशेहून अधिक चित्रे केली आणि ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे बारीक कपटे एकावर एक चिकटवून त्या छटा आणीत. कृष्णकमळाच्या कुळातल्या एका फुलासाठी त्यांनी दोनशेहून अधिक तुकडे कापलेले आहेत. मला यात संख्येपेक्षा पद्धत महत्त्वाची वाटते. त्या खरे फूल समोर ठेवून, त्याचे भाग निरखून काम करीत आणि काही ठिकाणी तर त्यांनी खरे वाळलेले पानच चित्रात बसवून टाकले आहे. अशी छोटीशी लबाडी करायला मोठा आत्मविश्वास लागतो.

काळ्या कागदाची ही युक्ती घरी करून पाहण्यासारखी आहे. पांढऱ्या कागदावर फिकट पाकळीची कड हरवते आणि आपण ती रेघ काढून दाखवायला जातो. काळ्यावर मात्र कापलेली कड स्वतःच बोलते. त्यामुळे पेन्सिलीची रेघ न आखता थेट कात्रीनेच आकार काढण्याचे धाडस येते. कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा, कात्री फिरवू नये, एवढे पथ्य पाळले तरी वळणे गुळगुळीत येतात.

दुसरे उदाहरण काचेचे आहे. ते आपल्याला घरी करता येण्याजोगे नाही, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचे चिरंजीव रुडॉल्फ या पितापुत्रांनी जर्मनीत ड्रेस्डेनजवळ बसून अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेच्या वनस्पती घडवल्या. हे काम 1880च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. 1895 मध्ये वडील वारल्यावर मुलाने ते एकट्याने 1936 पर्यंत चालवले. सुमारे 780 जातींचे 4,300च्या आसपास नमुने त्यातून तयार झाले. शिकवण्यासाठी करायचे असल्यामुळे फुलांचे उभे छेद आणि केसरांची मोठी करून दाखवलेली रूपेही त्यात आहेत, म्हणजे फूल सोडवून पाहण्याचेच ते काम. पण मला सर्वांत भावतात ती रुडॉल्फ यांनी उतारवयात केलेली किडकी, बुरशी लागलेली, सडू लागलेली फळे. निर्दोष फळ घडवण्यापेक्षा त्यांवरचा डाग घडवायला त्यांना किती वेळ पाहावे लागले असेल! आपल्या कागदी फुलातही एखादी पाकळी कुरतडलेली ठेवली, एखाद्या पानाची कड तपकिरी रंगाने अगदी किंचित ओढली, तर फूल झाडावरून आल्यासारखे वाटते. सगळ्याच पाकळ्यांना असे केले तर मात्र ते नाटकी दिसते, हेही सांगून ठेवते.

आता खऱ्या फुलांपासून करायच्या वस्तूंकडे वळू. फुले दाबून वाळवणे हे सर्वांत सोपे मानले जाते आणि त्यातच सर्वांत जास्त फुले वाया जातात. याचे कारण ओल. मी एकदा टपोरे गुलाब आख्खेच जाड पुस्तकात दाबले आणि पंधरा दिवस पुस्तक उघडायचे नाही असा निग्रह केला. उघडले तेव्हा करड्या बुरशीचा थर हाती आला, पुस्तकाची पाने गेली ती वेगळीच. पाकळ्यांतले पाणी बाहेर यायला वाट हवी, म्हणून फूल टिपकागदाच्या दोन घड्यांमध्ये ठेवावे, पहिले तीन-चार दिवस तो कागद रोज बदलावा आणि मगच वजनाखाली दोन-तीन आठवडे विसरून जावे. फूल सकाळी दव उडाल्यावर खुडलेले असावे. जाड बैठकीचे फूल आख्खे दाबू नये. पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात आणि नंतर कागदावर पुन्हा जुळवाव्यात. येथे ते सोडवून पाहणे पुन्हा कामाला येते, कारण कोणती कड वर होती हे ठाऊक नसेल तर जुळवलेले फूल काहीसे परके दिसते. घडणही टिकवून फूल आख्खे वाळवायचे असेल, तर सिलिका जेलचे बारीक दाणे हवाबंद डब्यात पाकळ्यांच्या आतबाहेर हळूहळू भरून फूल पुरते झाकावे. साधारण आठवडाभरात ते कोरडे होते.

रंगांची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. पिवळे रंग बऱ्यापैकी टिकतात, पांढरी फुले तपकिरी पडतात आणि लाल फुले पुष्कळदा काळपट जांभळी होतात. अनेक लाल, जांभळ्या, निळ्या फुलांमधला अँथोसायनिन नावाचा रंग आम्लता बदलली की आपली छटा बदलतो, म्हणून फुले ठेचून कापडावर किंवा कागदावर उमटवताना त्याच फुलाचा ठसा एका कागदावर गुलाबी आणि दुसऱ्यावर निळसर येऊ शकतो. वाळलेल्या फुलांची चौकट उन्हाच्या भिंतीवर लावू नये. काचेमागे ठेवली तरी उन्हाने रंग उडतो.

हेच ऊन ज्या कलेत उपयोगी पडते, ती म्हणजे निळ्या छायाचित्रांची, सायनोटाइपची कला. जॉन हर्शेल यांनी ही रीत 1842 मध्ये शोधली आणि लगेच दुसऱ्या वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी तिच्या साहाय्याने समुद्री शेवाळांचे ठसे घ्यायला सुरुवात केली; पुढे त्यांनी नेचे आणि फुलझाडांचेही ठसे घेतले. लोहाच्या क्षारांचा लेप दिलेला कागद अंधारात वाळवायचा, त्यावर फूल ठेवून काच दाबायची, उन्हात धरायचे आणि मग साध्या पाण्यात धुवायचे. जिथे ऊन लागले तिथे गडद निळा रंग पक्का होतो, जिथे फुलाची सावली होती तिथे कागद पांढरा राहतो. गंमत पाकळ्यांमध्ये आहे. पाकळी पातळ असेल तर थोडे ऊन तिच्यातून झिरपते आणि तिच्या शिरा फिकट निळ्या रेघांनी उमटतात. देठाचा आणि हिरव्या वाटीचा जाडपणा मात्र स्वच्छ पांढरा येतो. म्हणजे आपण ज्या मागच्या बाजूकडे दुर्लक्ष करतो, तीच या चित्रात सर्वांत ठळक उमटते. येथे फूल समोरून नव्हे, एका कुशीवर निजवून ठेवावे.

भरतकामाविषयी एकच गोष्ट सांगते, कारण त्यावर वेगळे बोलावे लागेल. पाकळी भरताना टाके कोणत्या दिशेने घालावेत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पाकळीच्या शिरा जिकडे जातात तिकडेच दोरा जावा, म्हणजे कडेपासून तळाकडे, आणि तळाशी येताना टाके एकमेकांजवळ यावेत. लांब-आखूड टाका यासाठीच आहे. सहा पदरी दोऱ्यातला एकच पदर घेतला तर छटा बदलताना जोड दिसत नाही. सूर्यफुलासारख्या फुलात मधला तपकिरी भाग म्हणजे शेकडो लहान फुलांचीच दाटी असते आणि आपण जिला पाकळी म्हणतो तेही खरे तर एक वेगळे फूलच असते, हे एकदा समजले की मधोमध सपाट टाका घालायला मन धजत नाही. तिथे गाठीचे टाकेच हवेत आणि तेही वळणावळणाने बाहेर जाणारे.

आता पुन्हा त्या जास्वंदीकडे. काही महिन्यांनी मी दुसरी जास्वंद करून बाईंकडे नेली. त्यांनी ती आधी उलटीच केली, चष्मा सावरला आणि हिरव्या पात्यांच्या कड्यावर बोट ठेवून मोजू लागल्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, ‘‘संध्याकाळी हे फूल मिटतं तेव्हा कसं दिसतं, पाहिलंय का?’’ मी पाहिले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी पाहिले. मिटणारी जास्वंद पिळून ठेवलेल्या ओल्या कपड्यासारखी होते. गिरकी तीच, फक्त घट्ट झालेली, आणि वर नळीचे टोक तेवढे डोकावत असते. कागदात ती करायला लाल क्रेपची एकच पट्टी पुरते. ती नळीभोवती सैलसर गुंडाळून, टोकाशी चिमटीत धरून एकदा पिळली की झाले. हिरवी वाटी आणि पात्यांचे कडे मात्र तिलाही पुरतेच करावे लागते. नमस्कार.